वणव्याची ठिणगी आणि घराची वळचण



संक्रांत झाली. सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागलं आहे. शिमग्यापर्यंत ते इतकं वाळेल की नुसतं पाऊल टाकलं तरी चुरचुरेल. या दिवसांत गटाच्या बैठकीत आपण पापडांबद्दल बोलतो, कुळथाबद्दल बोलतो, आंबा-काजूला मोहोर कसा आला ते बोलतो. वणव्याबद्दल बोलतो ते मात्र लागल्यावर. म्हणून आज जरा आधीच बोलायचं ठरवलं आहे. वणव्यात घर का जळतं, आणि नवीन घर बांधताना किंवा जुनं दुरुस्त करताना काय केलं तर ते वाचू शकतं, हा आजचा विषय.

गेल्या वर्षी चैत्रात आमच्या वाडीवर काय झालं ते आधी सांगते. दुपारी तीनचा सुमार. वरच्या सड्यावर धूर दिसला. वारा पश्चिमेचा, तोही जोराचा. पुरुषमंडळी ओल्या टहाळ्या घेऊन धावली, आम्ही बायका कळशा आणि हंडे घेऊन मागे. तासभर झोडपल्यावर आग गडग्याशी अडली. गडग्यापासून सगळ्यात जवळचं घर आमच्या काकींचं. तरी मधे सत्तरएक पावलांचं अंतर. आम्ही म्हटलं, सुटलो. काकींच्याच खळ्यात बसून चहा घेतला.

चहा संपतो न संपतो तोच कुणीतरी ओरडलं, "काकी, माळ्यातनं धूर येतोय!"

आग गडग्याच्या अलीकडे आलीच नव्हती. चिऱ्याच्या भिंतींना काही झालं नव्हतं. पण वाऱ्याबरोबर ठिणग्या उडत आल्या होत्या. एक ठिणगी मागच्या वळचणीला, कौलं आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून आत शिरली. आत माळ्यावर गुरांसाठी पेंढा भरलेला. आम्ही खाली चहा पीत होतो आणि वर पेंढा धुमसत होता. शिडी लावून वर चढेपर्यंत वाशांनी पेट घेतला. अर्धं छप्पर गेलं. मागची पडवी गेली. कणगीतला वर्षाचा तांदूळ पाण्याने आणि धुराने खराब झाला. आणि आमच्या गटाची पेटी काकींच्याच घरी होती, त्यामुळे दहा वर्षांची वह्या-पासबुकं जळाली. गुरं वाचली, माणसं वाचली, हे देवाचे उपकार.

काकींना घरदुरुस्तीसाठी चाळीस हजारांचं कर्ज द्यायचं गटाने ठरवलं. काकी म्हणाल्या, "होतं तसं बांधून होऊ दे, मला जास्त काही नको." आम्हीही तेच धरून चाललो होतो. समन्वयक म्हणून मी कागद तयार करायला घेतले.

त्याच आठवड्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती माझ्याहून मोठी, मी तिला ताई म्हणते. लग्नानंतर ती ऑस्ट्रेलियाला गेली. व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्न शहराच्या बाहेर डोंगराळ भागात तिने आणि भावोजींनी जागा घेतली आहे आणि तिथे घर बांधायला काढलं आहे. मी तिला काकींचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "अगं, आमचं घर अजून पायाच्या वर आलेलं नाही, कारण त्या ठिणगीचंच उत्तर आधी कागदावर द्यावं लागतं."

मग तिने मला सगळं समजावून सांगितलं. ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

तिकडे नीलगिरीची जंगलं आहेत. आपल्याकडे आलेली नीलगिरी मूळची तिकडचीच. तिच्या पानात तेल, सालपटं लोंबणारी, ती पेटली की वाऱ्याबरोबर दूर उडतात. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर ते फेब्रुवारी. ७ फेब्रुवारी २००९ या दिवशी, शनिवार होता तो, व्हिक्टोरियात भयंकर वणवे पेटले. मेलबर्नचं तापमान ४६ अंशांच्या वर गेलं होतं. त्या वणव्यांत १७३ माणसं गेली आणि दोन हजारांहून जास्त घरं जळाली. त्याच वर्षी वणव्याच्या प्रदेशात घर कसं बांधायचं याचे नियम तिकडे सुधारले.

या नियमांत सगळ्यात आधी जागा तपासतात. घराच्या शंभर मीटरांच्या आत जंगल आहे, झुडपं आहेत की गवत, ते बघतात. ते घरापासून किती लांब आहे ते मोजतात. आणि जमिनीला उतार किती आणि कुठल्या बाजूला, ते बघतात. उतार का? तर आग चढावर पळते. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ज्या घराच्या खाली उतारावर रान आहे, त्या घराला धोका जास्त. आपण समजतो की डोंगराच्या पायथ्याचं घर धोक्याचं. वारा फिरला की तेही धोक्यात येतंच, पण टेकाडावरचं, खाली काजूची बाग आणि गवत असलेलं घर आधी धरायला हवं.

एवढं तपासून त्या जागेला एक पातळी देतात. तिला ते 'बुशफायर अटॅक लेव्हल' म्हणतात. म्हणजे या घरावर आगीचा मारा किती बसू शकेल, त्याचा अंदाज. अशा सहा पातळ्या आहेत. सगळ्यात खालची 'लो', मग १२.५, १९, २९, ४० आणि शेवटची 'फ्लेम झोन', जिथे ज्वाळा थेट घराला भिडू शकते. हे आकडे उष्णतेचे. १२.५ म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद भिंतीवर साडेबारा किलोवॉट उष्णता. आपल्या दोन किलोवॉटच्या विजेच्या सहा शेगड्यांची धग तेवढ्याच जागेवर पडली, असं समजा. पातळी जितकी वर, तितके काच, दारं, छप्पर, भिंती यांचे नियम कडक.

मी ताईला विचारलं, "मग एवढं केल्यावर घर जळत नाही ना?" ती म्हणाली, "तसं वचन तो नियम स्वतःच देत नाही. घर वाचेलच असं नाही, वाचण्याची शक्यता वाढते, असंच त्यात लिहिलेलं आहे." मला ते पटलं. कारण खोटी हमी घेऊन माणूस घरात बसून राहतो.

आता मुख्य गोष्ट. वणवा घरावर तीन रीतींनी येतो. एक, ज्वाळा येऊन भिडते. दोन, लांबून धग लागते आणि काच तडकते, लाकूड पेटतं. आणि तीन, ठिणग्या उडून येतात. आपण घाबरतो ज्वाळेला. पण तिकडच्या अभ्यासातून दिसून आलं की बरीच घरं ठिणग्यांनी जातात. आग पोचायच्या आधी ठिणग्या येतात आणि आग निघून गेल्यावरही कितीतरी वेळ येत राहतात. आमच्या काकींचं नेमकं तसंच झालं. आम्ही चहा प्यायला बसलो तीच आमची चूक. आग अडली की घराभोवती फिरून बघायला हवं, माळ्यावर चढून बघायला हवं. तेही एकदा नाही, पुढचे काही तास.

म्हणून तिकडचे नियम सगळ्यात आधी फटी बंद करतात. हवा जायला जी भोकं लागतात, त्यांना धातूची जाळी, आणि जाळीचं भोक दोन मिलिमीटरहून मोठं नको. आपण कण्या चाळायला जी चाळण घेतो, तेवढंच समजा. नायलॉनची मच्छरदाणीची जाळी चालत नाही, ती ठिणगीने वितळते. कौलारू छप्पर असेल तर कौलांच्या खाली अखंड आच्छादन हवं, म्हणजे कौल सरकलं तरी ठिणगी माळ्यात पडत नाही. आणि भिंतीचा तळ, जमिनीपासून ४० सेंटिमीटरपर्यंतचा भाग, सहज पेटणाऱ्या वस्तूचा नको. का? तर वाऱ्याने ठिणग्या तिथेच साचतात. आपण खळं झाडतो तेव्हा पातेरा भिंतीच्या कडेला कसा जमतो, अगदी तसंच.

हे ऐकल्यावर मी काकींच्या घराकडे नव्याने बघितलं. आणि मैत्रिणींनो, मला बरंच काही आपल्या बाजूचं दिसलं. आपली भिंत जांभ्या चिऱ्याची. ती पेटत नाही. आपलं खळं सारवलेलं, झाडलेलं. तिकडे ज्याला घराभोवतीची मोकळी जागा म्हणून नियमात लिहावं लागतं, ते आपण रोज सकाळी खराट्याने करतो. पण घराच्या मागच्या बाजूला? तिथे लाकडं रचलेली, शेणी रचलेल्या, पेंढ्याची उडवी भिंतीला टेकलेली, पावसाळ्यात बांधलेली ताडपत्री मे महिन्यापर्यंत तशीच. म्हणजे पुढून घर सुरक्षित, मागून सरण रचल्यासारखं. हे मी काकींना बोलले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खरं आहे गं. सगळ्यांच्या मागच्या दारी तेच आहे."

मग छप्पर नव्याने घालताना आम्ही काय काय केलं, ते क्रमाने सांगते.

वासे आणि रिपा नवीन घातल्यावर रिपांच्या खाली पत्रा घातला आणि वर जुनीच कौलं चढवली. आपल्याकडे गळतीसाठी अशी रीत आहेच, तीच इथे कामाला आली. वळचणीची फट होती तिथे चिऱ्याचे तुकडे आणि सिमेंट भरलं. चुलीचा धूर जायला जागा हवी, म्हणून सगळं बुजवलं नाही. तिथे स्टीलची बारीक जाळी ठोकली. हार्डवेअरच्या दुकानात ती फुटावर मिळते. गवंडी आधी म्हणाला, "कशाला एवढं?" पण काकींनी त्याला स्वतः ती फट दाखवली. मग त्याने गुपचूप काम केलं.

ज्यांचं छप्पर नुसतं पत्र्याचं आहे, त्यांनी असं समजू नका की आपल्याला भीती नाही. पत्रा जळत नाही, पण त्याच्या नागमोडी घडीखाली भिंतीवर पोकळी राहते. तीही ठिणगीची वाट. तिथे सिमेंट भरा. ज्यांनी घरकुल बांधलं आहे आणि वर स्लॅब आहे, त्यांनी खिडक्या बघा, दाराखालची फट बघा. उंबऱ्याशी काथ्याचं पायपुसणं असतं, त्यावर ठिणगी पडली तर ते धुमसतं आणि शेजारचं लाकडी दार धरतं. वणव्याचे दिवस असले की पायपुसणं आत घ्यायचं, एवढी साधी गोष्ट.

माळ्यावरचा पेंढा खाली आणला. उडवी घरापासून दहा मीटर, म्हणजे साधारण तेरा-चौदा पावलं लांब नेली. व्हिक्टोरियाच्या नियमातही घराच्या दहा मीटरांच्या आत पेटणाऱ्या वस्तू दारं, खिडक्या, वळचण अशा नाजूक भागांजवळ ठेवायच्या नाहीत, असंच आहे. छपरावर झाडाची फांदी आलेली नको, खिडकीसमोर तीन मीटरांत उंच वाढणारं झुडूप नको, झाडाच्या खालच्या फांद्या जमिनीपासून दोन मीटर वर हव्यात. फणसाची एक फांदी काकींच्या कौलांवर आली होती, ती छाटली. झाड तोडलं नाही. झाड तोडायचं कुणी सांगितलेलंही नाही. फांदीवरून कौलांवर पडणारा पातेरा आणि पन्हळीत साचणारी पानं, हा खरा धोका.

पाण्याचं म्हणाल तर ताईच्या जागेला आग विझवण्यासाठी वेगळं दहा हजार लिटर पाणी ठेवावं लागतं, तेही न जळणाऱ्या टाकीत. आपल्याला ते झेपणारं नाही. पण एक लक्षात घ्या. वणवा लागला की बऱ्याचदा वीज जाते, म्हणजे पंप बंद. प्लॅस्टिकचा पाइप वितळतो. म्हणून न्हाणीबाहेर सिमेंटचा एक हौद, त्यात कायम पाणी, शेजारी दोन बादल्या आणि छपराला पोचेल अशी शिडी. काकींच्या घरी शिडी शोधण्यात आमची मोलाची दहा मिनिटं गेली होती.

इथपर्यंत सगळं सरळ झालं. भांडण झालं ते पुढे.

मी गटात असं मांडलं की यापुढे घरदुरुस्तीचं कर्ज देताना वणव्याच्या या गोष्टी अट म्हणून घालू. आजवर मी शंभरएक घरांचे कागद भरायला मदत केली असेल, पण मीही कधी कुणाला विचारलं नव्हतं की घराच्या मागे काय आहे. तेव्हा कर्जाच्या अर्जातच एक रकाना असावा, असं मला वाटलं. त्यावर एक ताई उभ्या राहिल्या. त्यांचं घर वाडीच्या टोकाला, दोन गुंठ्यांत. त्या म्हणाल्या, "पैसे आमच्या बचतीचे आणि अट तुमची? उडवी तेरा पावलं लांब न्यायची तर मी ती शेजाऱ्याच्या जमिनीत नेऊ का? माझी जमीनच तेवढी नाही."

मला उत्तर देता आलं नाही. त्यांचं बरोबर होतं. नियम पाळायला जागा लागते, पैसा लागतो, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याचंच घर रानाला जास्त लागून असतं. अट घातली असती तर ज्यांना गरज त्यांनाच कर्ज मिळालं नसतं. बैठक त्या दिवशी तशीच उठली.

पुढच्या बैठकीत काकीच बोलल्या. म्हणाल्या, "माझ्या परड्याच्या कोपऱ्यात जागा आहे, तिथे आपल्या तिघी-चौघींच्या उडव्या एकत्र लावू. एक दिवस सगळ्या मिळून भोवतालचं गवत काढू." मग ठराव झाला तो असा. कर्जाला अट नाही. पण अर्जात रकाना आहे. ज्या घराला गरज आहे तिथे गटातल्या चौघी जाऊन बघतात आणि जे हाताने होण्यासारखं आहे ते सगळ्या मिळून करतात. जाळी आणि सिमेंटपुरतं वेगळं छोटं कर्ज, कमी व्याजाने. त्या टोकाच्या घरातल्या ताईंनीच पहिलं कर्ज घेतलं.

आता येत्या पंधरा दिवसांत तुम्ही काय करायचं ते सांगते. हातात वही-पेन असेल तर लिहून घ्या.

पहिलं, घराला एक फेरी मारा. पुढून नाही, मागून सुरुवात करा. जिथे उंदीर शिरेल ती फट ठिणगीला पुष्कळ झाली, असं धरून चाला. दिवसा माळ्यावर चढून बसा. जिथून उजेड दिसतो तिथून ठिणगी येते.

दुसरं, पन्हळ आणि कौलांच्या खोबणीतला पातेरा काढा. हे काम आपण मृगाच्या आधी करतो. ते आता एकदा आणि मग एकदा करा.

तिसरं, पेंढा, लाकडं, शेणी, कवळ, जुनी ताडपत्री, प्लॅस्टिकच्या खुर्च्या भिंतीपासून लांब न्या. गॅसच्या रिकाम्या टाक्या पडवीत ठेवू नका.

चौथं, वाडीने मिळून रानाच्या कडेला गवत काढून पट्टा मोकळा करा. वनखातं ज्याला जाळरेषा म्हणतं, तेच. आणि भाजावळ करताना वारा बघा. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, पाणी आणि चार माणसं हाताशी ठेवून. भाजावळीचा निखारा पूर्ण विझल्याशिवाय घरी येऊ नका. आपले कितीतरी वणवे असेच सुरू होतात. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं म्हणून सड्याला काडी लावणारेही आपल्यातलेच असतात. राखीव जंगलात आग लावणं तर १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. घरच्या माणसांना हे सांगायला लाजू नका.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आग दिसली की म्हातारी माणसं आणि मुलं यांना आधी बाहेर काढायचं. कुणाला कोण नेणार हे आजच ठरवा. गुरांची दावी सोडा. कागदपत्रं आणि गटाच्या वह्या एका पिशवीत तयार ठेवा. आम्ही आता वह्यांचे फोटो काढून तीन जणींच्या मोबाइलमध्ये ठेवले आहेत. फोन करायचा तो ११२ वर किंवा अग्निशमनच्या १०१ वर, आणि वनखात्याच्या १९२६ वर. घर परत उभं राहतं. काकींचं राहिलं.

परवा ताईचा पुन्हा फोन आला. तिच्या घराचं छप्पर चढलं. तिने मोबाइलवर वळचणीचा फोटो पाठवला, स्टीलची जाळी लावलेली. मी तो काकींना दाखवला. काकींनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाल्या, "आपल्यासारखीच आहे की."

उद्या सकाळी खळं झाडून झालं की खराटा घेऊन तेवढ्या मागच्या दारी जा.